मिसळ शोधली, मासळी आली: मराठी यादीची वेबसाइट बांधताना

पुण्यातल्या पेठेतल्या एखाद्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी ऑनलाइन टाकायची, हे काम फ्रीलान्स डेव्हलपरला शनिवार-रविवारचं वाटतं. दहा-बारा हजार पुस्तकं, एक शोधपेटी, लेखकवार यादी, सभासदाला मुदतीचा मेसेज, संपलं. यादी इंग्रजी असती तर खरंच दोन दिवसांत उरकलं असतं. मराठी यादीत मात्र ‘मिसळ’ शोधली की ‘मासळी’ हजर होते, ‘मळा’ भलत्याच जागी जाऊन बसतो आणि पावतीच्या पीडीएफमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला उभी राहते.

हे सगळे वेगवेगळे बग वाटतात, म्हणून जिथे दिसेल तिथे ठिगळ लावलं जातं. मग सहा महिन्यांनी एक नवीन पान जोडलं की सगळे परत. त्यापेक्षा मजकूर आत येतो त्या एकाच दारावर तो साफ करायचा आणि शोधासाठी त्याची एक वेगळी, ओबडधोबड प्रत शेजारच्या रकान्यात ठेवायची. बाकी बहुतेक गोष्टी यातूनच सुटतात. पुढचं सगळं एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) आणि नोड (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) किंवा पायथन धरून लिहिलं आहे. एवढ्या यादीला मोठा डेटाबेस सर्व्हर घेणं म्हणजे लक्ष्मी रोडवरून भाजी आणायला टेम्पो काढणं.

आधी फॉर्म्युला बार बघा

यादी एक्सेलमध्ये येते आणि ती बऱ्याच वर्षांत बऱ्याच हातांनी भरलेली असते. सेलमध्ये मराठी दिसतंय म्हणून ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आणि सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीतलं, आहे असं धरू नका. सेलवर क्लिक करून वरचा फॉर्म्युला बार बघा. तिथेही मराठीच दिसलं तर ठीक. तिथे रोमन अक्षरं, चलनचिन्हं आणि कंस यांची भेळ दिसली तर तो श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टातला मजकूर आहे. फाइलमध्ये रोमन चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी मुखवटा चढवतो. श्रीलिपी पुण्याचीच आणि सीडॅकही पुण्यातलंच, त्यामुळे इथल्या संस्थांच्या आणि छापखान्यांच्या जुन्या फायलींत हा प्रकार हमखास निघतो. एकाच शीटमध्ये वरच्या दोन हजार ओळी जुन्या फॉन्टात आणि खालच्या युनिकोडमध्ये, हेही नेहमीचंच. म्हणून पहिली ओळ बघून थांबू नका, मधल्या आणि शेवटच्याही बघा.

कन्व्हर्टर वापरताना फॉन्टागणिक तक्ता वेगळा लागतो. तक्ता बरोबर असला तरी खरी मारामारी क्रमाची असते. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, जशी ती हाताने लिहितो तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं: जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘दिवस’ सारख्या शब्दात वेलांटी एक घर पुढे सरकवली की झालं, पण ‘स्थिती’मध्ये तिला पूर्ण ‘स्थ’ ओलांडून जावं लागतं. कच्चा कन्व्हर्टर तिला एकच घर सरकवतो आणि ‘सि्थती’ तयार होते. जुन्या मराठी वेबसाइटांवर असले शब्द अजून पडलेले सापडतात.

ही चूक पकडणं सोपं आहे. मराठीत कुठल्याही स्वरचिन्हानंतर लगेच हलंताची खूण येत नाही. त्यामुळे स्वरचिन्ह आणि त्याला चिकटून हलंत (युनिकोडमधला क्रमांक यू+०९४डी) असा साधा शोध चालवला की बिघडलेल्या ओळींची यादी हातात येते. त्या हाताने दुरुस्त करायला द्या. शंभर-दोनशे ओळींसाठी आणखी हुशार कन्व्हर्टर लिहीत बसण्यात अर्थ नाही.

दारावरची साफसफाई

आता मजकूर युनिकोड आहे, पण दिसायला एकच आणि आतून वेगळी अशी जोडपी त्यात भरपूर असतात. पहिलं पाऊल म्हणजे युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एका रूपात आणणं. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगवरच ‘नॉर्मलाइज’ आहे, पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये. ‘ऱ’ एकसंध टाइप केलेला असो किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून, एनएफसीनंतर दोन्ही यू+०९३१ होतात. बरेच जण एवढं करून थांबतात, पण मराठीतल्या नेहमीच्या गोंधळांपैकी निम्मेही एनएफसी सोडवत नाही.

‘ॲ’चं घ्या. यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत होते आणि काही कीबोर्डवरून अजूनही तसंच उमटतं. डोळ्याला फरक शून्य, पण युनिकोडच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. ‘ऑ’चंही तसंच: ते ‘आ’वर चंद्र देऊनही बनवता येतं. काना आणि मात्रा वेगवेगळे टाइप करून केलेला ‘ो’ हा तर जुन्या फायलींचा ठरलेला पाहुणा. ‘अ’ला काना जोडून ‘आ’, ‘ए’वर मात्रा देऊन ‘ऐ’ हेही सापडेल. यांचा दहा-बारा ओळींचा बदलतक्ता स्वतःच लिहायचा आणि एनएफसीनंतर लगेच चालवायचा.

त्याच तक्त्यात विसर्ग घ्या. ‘दुःख’ लिहिताना कीबोर्डवरचा अपूर्णविराम वापरायची सवय इतकी रुजली आहे की कुठल्याही यादीत ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शब्द’ निघतातच. दोन देवनागरी अक्षरांच्या मधोमध, आजूबाजूला जागा न सोडता आलेला अपूर्णविराम म्हणजे विसर्ग, असा नियम पुरतो. ‘लेखक:अमुक’ असं चिकटवून लिहिणारे असतात, त्यामुळे हा नियम शीर्षकाच्या रकान्यावर लावा, शेऱ्याच्या रकान्यावर नको.

मग येतो आडवा रफार, म्हणजे ‘दऱ्या’मधला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक लग्नाच्या मांडवात फार मोलाचा. हा रफार दोन प्रकारे साठवतात. एक, ‘ऱ’ आणि हलंत. दोन, साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी). आता इंटरनेटवरून उचललेला एखादा ‘अदृश्य चिन्हं साफ करा’ असा फंक्शन लावला की तो हे जोडचिन्ह मुकाट्याने खातो आणि सगळ्या दऱ्यांचा समुद्र होतो. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. म्हणून क्रम पाळा: आधी ‘र, हलंत, झेडडब्ल्यूजे’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलंत’ घाला, बाकीच्या अदृश्य चिन्हांचं नंतर बघू. दाखवण्याच्या मजकुरातून तर ती सरसकट काढूच नका. ‘वाङ्‌मय’मध्ये ‘ङ’चा पाय मोडलेला दिसावा म्हणून झेडडब्ल्यूएनजे हे अक्षरं जुळू न देणारं अदृश्य चिन्ह मुद्दाम घातलेलं असतं.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर एकच सूचना: ‘यूटीएफ८’ नावाचा तिथला जुना कॅरेक्टर सेट एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या.

मिसळ आणि मासळी

एसक्यूलाइटचा एफटीएस५ हा शोधासाठी उत्तम आहे, पण त्याचा ठरावीक टोकनायझर, म्हणजे शब्द तोडणारा भाग, ‘युनिकोड६१’, अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत ही अक्षरं नाहीत, ती ‘मार्क’ आहेत. त्यामुळे टोकनायझर त्यांना रिकाम्या जागेसारखं वागवतो. ‘मिसळ’चे तुकडे होतात ‘म’ आणि ‘सळ’. ‘मासळी’चेही तेच. शोधताना हे दोन तुकडे लागोपाठ आलेले हवेत एवढंच तो बघतो आणि खवय्याला कोकणात पाठवतो. गंमत म्हणजे चाचणीत हे लक्षात येत नाही, कारण जो शब्द शोधाल तो सापडतोच. जास्तीचं काय आलं ते बघायची सवय कुणाला नसते.

टेबल बनवताना टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ या पर्यायात ‘एल*’ (अक्षरं), ‘एन*’ (अंक), ‘को’ यांच्या जोडीला ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे मार्कचे दोन वर्ग द्या, तुकडे पडायचे थांबतील. शब्द तर अखंड राहिले, पण मराठीचा दुसरा प्रश्न पुढे उभाच आहे: सामान्यरूप. ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यातील वाडे’ हवं असतं, ‘माणूस’ शोधणाऱ्याला ‘माणसाची गोष्ट’. ‘विहीर’चं ‘विहिरीत’ होताना ऱ्हस्व-दीर्घ बदलतं. आणि शोधणाऱ्याचं स्वतःचं ऱ्हस्व-दीर्घ, त्याबद्दल न बोललेलं बरं.

इथे ती शेजारची ओबडधोबड प्रत कामी येते. तिला आपण सांगाडा म्हणू. शब्दातली सगळी स्वरचिन्हं, हलंत, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता आणि अदृश्य चिन्हं काढून टाकायची, नुसती व्यंजनं ठेवायची. ‘माणूस’ होतो ‘मणस’, ‘माणसाची’ होतं ‘मणसच’. ‘विहीर’ होते ‘वहर’, ‘विहिरीत’ होतं ‘वहरत’. ‘रस्ता’ होतो ‘रसत’, ‘रस्त्यावर’ होतं ‘रसतयवर’. प्रत्येक वेळी मूळ शब्दाचा सांगाडा हा विभक्ती लागलेल्या शब्दाच्या सांगाड्याची सुरुवात असतो, म्हणजे ‘यापासून सुरू होणारे’ असा साधा प्रीफिक्स शोध पुरतो. शिवाय सांगाड्यात ‘मार्क’ उरतच नसल्यामुळे ठरावीक टोकनायझरही तो तोडत नाही. टेबल बनवताना २ आणि ३ अक्षरांच्या प्रीफिक्सचे इंडेक्स मागून घ्या.

दोन-चार ठिकाणी हा सांगाडा मोडतो आणि तिथे मराठीचं व्याकरणच मदतीला येतं. ‘पाऊस’चं ‘पावसात’ होतं, ‘देऊळ’चं ‘देवळात’, ‘भाऊ’चं ‘भावाला’. इथे स्वराचा ‘व’ झाला. म्हणून शब्दाच्या सुरुवातीला नसलेला ‘उ’ किंवा ‘ऊ’ सांगाड्यात ‘व’ करायचा. ‘गाय’चं ‘गाईला’, म्हणून सुरुवातीला नसलेले ‘इ’, ‘ई’, ‘ए’ यांचा ‘य’. ‘घेवून’, ‘येवून’ लिहिणाऱ्यांची सोय आपोआप झाली. सुरुवातीच्या सगळ्या स्वरांचा सरसकट ‘अ’ करा, म्हणजे ‘ऊन’ आणि ‘उन्हात’ जुळतात. ‘मासा’चं ‘माशाला’ आणि ‘पैसा’चं ‘पैशात’ होतं, तेव्हा श, ष, स तिन्ही ‘स’.

परसवर्णाकडे थोडं लक्ष द्यावं लागतं. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ एक व्हायला हवेत, म्हणून व्यंजनाआधीचा त्याच वर्गातला अर्धा अनुनासिक सांगाडा करण्याआधी अनुस्वारात बदलायचा. पण वर्गातल्या पहिल्या चार अक्षरांच्या आधीच, पाचव्याच्या नाही. नाहीतर ‘अन्न’मधला एक ‘न’ जाईल.

सांगाड्यात अर्थात ‘मिसळ’ आणि ‘मासळी’ दोन्ही ‘मसळ’च होतात, ‘पुणे’ आणि ‘पाणी’ दोन्ही ‘पण’. म्हणजे प्रश्न परत आला? आला, पण आता तो आपल्या हातात आहे. सांगाड्यावरून फक्त उमेदवार गोळा करायचे, क्रम मूळ मजकुरावरून लावायचा. टाइप केलेला शब्द जसाच्या तसा असेल ती पुस्तकं सगळ्यात वर. त्याखाली, शेवटचं स्वरचिन्ह काढून उरलेल्या भागाने सुरू होणारे शब्द, म्हणजे ‘पुण’पासूनचे, ज्यात ‘पुण्यात’ येतं. मग बाकीचे. वरच्या दोन गटांत काही सापडलं तर तिसरा गट दाखवूच नका, एक ‘आणखी बघा’ची लिंक ठेवा. सांगाडा एकाच अक्षराचा निघाला (‘मी’, ‘गा’) तर तो वापरूच नका, सरळ शब्द जुळवा.

उलट्या दिशेचा शोधही असतो: कुणी ‘पुण्याच्या’ टाइप करतं आणि यादीत ‘पुणे’ असतं. काहीच सापडलं नाही तर सांगाड्याच्या शेपटाकडून प्रत्यय छाटून परत शोधा. ‘पणयचय’मधून ‘चय’ काढा, उरलं ‘पणय’, शेवटचा ‘य’ काढा, ‘पण’. छाटायच्या शेपटांची यादी छोटी आहे: त, ल, च, चय, न, स, हन, वर, कड, सठ, पसन, मधय. लांब शेपूट आधी तपासा आणि दोन अक्षरांखाली कधी जाऊ नका.

रोमनमधून शोधणारेही बरेच असतात, कारण ऑफिसच्या कीबोर्डवर मराठी सुरू करायचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी आणखी एक, त्याहून जाड सांगाडा ठेवावा: ण आणि न एक, ळ आणि ल एक, ट-त आणि ड-द एक, महाप्राण आणि अल्पप्राण एक. रोमन शब्दातले स्वर काढून उरलेली अक्षरं पंचवीसेक ओळींच्या तक्त्यातून याच सांगाड्यात उतरवायची. ‘ज्ञ’ मात्र वेगळा हाताळा. ज्ञानेश्वर हे नाव लोक रोमनमध्ये डी-एन, जी-वाय, जे-एन अशा तीन-तीन प्रकारे सुरू करतात. तिन्ही एकाच खुणेत बदला.

मळा कुठे बसतो

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच पुढे. साध्या क्रमवारीत म्हणून ‘मळा’ हा ‘मसाला’च्या आधी लागतो, कोशाच्या सवयीने बघणाऱ्याला तो नंतर हवा असतो. ‘ॲ’ची गत आणखी वाईट. त्याचा क्रमांक ‘ह’च्या, इतकंच काय देवनागरी अंकांच्याही पुढचा, त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारी सगळी नावं यादीच्या तळाशी जातात.

जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल.कोलेटर’ला ‘एमआर’ ही भाषा द्या. नोडमध्ये आवृत्ती १३ पासून सगळ्या भाषांचा डेटा आतच येतो. एसक्यूलाइटला स्वतःला हे कळत नाही. पानापानाने यादी दाखवायची तर क्रमाचा एक रकाना पुस्तक साठवतानाच भरून ठेवा: त्यात ‘ळ’च्या जागी अवग्रह (ऽ, यू+०९३डी), जो ‘ह’नंतर आणि सगळ्या स्वरचिन्हांच्या आधी येतो, आणि ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’, जो ‘ए’च्या शेजारी बसतो. मग साधी क्रमवारीही बरोबर लागते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी न्यावेत की ‘क’ आणि ‘ज’खाली, यावर वाद घालणारे भेटतील. मी ‘क’ आणि ‘ज’खालीच ठेवतो, ग्राहकाला हवं असेल तर त्याने लेखी सांगावं.

अंक, लिंका आणि मेसेज

फोनवर मराठी कीबोर्ड लावलेला माणूस पिनकोड ‘४११०३०’ असा देवनागरी अंकांत टाइप करतो. पायथनचा ‘इंट’ हे अंक गुमान ओळखतो. जावास्क्रिप्टचा ‘नंबर’ त्याला ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, म्हणतो, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘बॅकस्लॅश डी’ जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो. फॉर्मचा प्रकार ‘नंबर’ ठेवला तर देवनागरी अंक पेटीत धड उतरतच नाहीत. पिनकोड आणि मोबाइलसाठी प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा, ‘इनपुटमोड’ न्यूमेरिक द्या आणि तपासण्याआधी ० ते ९ या देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. दाखवताना ‘एमआर-आयएन’ दिलं की आकडा आपोआप १,२३,४५६ असा देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह येतो. तोच आकडा परत फॉर्मच्या व्हॅल्यूमध्ये भरला की पुढच्या वेळी ‘नॅन’. दाखवायचा आकडा आणि साठवायचा आकडा कधी एकत्र करू नका.

पुस्तकाच्या पानाचा पत्ता मराठीत ठेवायचा मोह होतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. ‘पुणे’ दिसतो दोन अक्षरांचा, आतून चार चिन्हांचा, लिंकमध्ये छत्तीस अक्षरांचा. वर्डप्रेसमध्ये स्लगची, म्हणजे पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्याची, मर्यादा २०० आहे, त्यात साधारण बावीस चिन्हंच बसतात आणि मराठी शीर्षक मध्येच तुटतं. क्रमांक आणि त्यापुढे छोटा रोमन शब्द, एवढा पत्ता ठेवा. स्लग बनवणारी तयार लायब्ररी वापरणार असाल तर ती ‘अक्षर’ कशाला म्हणते ते आधी बघा. ‘एल’ वर्गच ठेवणारी लायब्ररी ‘पुणे’चं ‘पण’ करते. ‘एम’ वर्गही ठेवावा लागतो.

मुदतीचा एसएमएस मराठीत पाठवायचा तर एका भागात १६० नाही, ७० चिन्हं मिळतात. मेसेज लांबला की प्रत्येक भागात ६७. ‘नमस्कार, आपल्या पुस्तकाची मुदत उद्या संपते.’ हे वाक्य छोटं दिसतं, पण त्यात ४३ चिन्हं आहेत, कारण काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. त्यात पुस्तकाचं लांबसं नाव घातलं की दोन मेसेजचे पैसे. डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांकडे एसएमएसचे मसुदे नोंदवायच्या व्यवस्थेत, टेम्प्लेट नोंदवण्याआधी सगळ्यात लांब नाव घालून मोजा.

मजकूर तोडतानाही हीच मोजणी नडते. ‘क्षत्रिय’ची जावास्क्रिप्टमधली लांबी आठ भरते. तिसाव्या चिन्हावर शीर्षक कापलं आणि कात्री हलंतावर पडली तर शब्द पाय मोडून पडतो, आणि उरलेला भाग वेलांटीने सुरू झाला तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. स्क्रीनवर कापायचं काम सीएसएसच्या ‘लाइन क्लॅम्प’कडे द्या. कोडमध्येच कापायचं असेल तर ‘इंटल.सेगमेंटर’ वापरा. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्याआधीचा डेटा असलेले ब्राउझर ‘क्’ आणि ‘ष’ वेगळे मोजतात.

पान आणि कागद

एचटीएमएलच्या टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहायला विसरू नका. ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ त्यामुळेच मिळतो, आणि स्क्रीन रीडरलाही कोणता आवाज वापरायचा ते कळतं. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही मोफत आहेत. ‘लेटर स्पेसिंग’ मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना ते हमखास असतं. ओळींची उंची १.६ च्या खाली नेली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो, आणि बटणांवर ‘ओव्हरफ्लो हिडन’ असेल तर मात्रा कापल्या जातात. फॉन्ट कापून छोटा करताना ०९०० ते ०९७एफ या पट्ट्याबरोबर २००सी आणि २००डी ही अदृश्य चिन्हं, ठिपक्यांचं वर्तुळ २५सीसी आणि रुपयाचं चिन्ह २०बी९ ठेवा.

कागदावर यायची वेळ झाली की खरी परीक्षा. जेएसपीडीएफ ही जावास्क्रिप्टची पीडीएफ लायब्ररी देवनागरीची जुळणी करत नाही. चिन्हं ज्या क्रमाने साठवली आहेत त्याच क्रमाने ती छापते, म्हणून वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षर फुटतं. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. पावती एचटीएमएलमध्ये बनवा आणि हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या, क्रोममधून पीडीएफ काढा, किंवा पायथनमध्ये वीझीप्रिंट वापरा, ती पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत नीट जुळणी करते. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं झकास आणि सर्व्हरवर नुसते रिकामे चौकोन, असं झालं तर तिथे मराठी फॉन्टच नाही. डेबियनच्या स्लिम डॉकर इमेजमध्ये ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज घाला. क्रोमला पीडीएफ काढायला सांगण्याआधी ‘डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी’ची वाट बघा, नाहीतर पहिली पावती भलत्याच फॉन्टात येते.

पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं छापायची असतील तर अप्पा बळवंत चौकात मिळणारा ए४चा २४ लेबलांचा कागद, साधारण ६४ बाय ३४ मिलिमीटरचा, बरा पडतो. छापताना स्केल शंभर टक्के ठेवा. ‘फिट टू पेज’ने पहिली ओळ बरोबर येते आणि आठव्या ओळीपर्यंत मजकूर लेबलाबाहेर सरकतो. एक कोरा साधा कागद आधी छापून लेबलांच्या कागदावर धरून खिडकीसमोर बघा.

वाचनालयाला यादी सीएसव्हीमध्ये परत द्यायची असेल तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८चे तीन बीओएम बाइट (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण) घाला. नाहीतर एक्सेल डबल क्लिकने उघडताना टोप्या घातलेली रोमन अक्षरं दाखवतं आणि फोन येतो की ‘तुमचा सगळा डेटा उडाला’.

बॅकअपबद्दल एवढंच: चालू एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका, ‘व्हॅक्यूम इंटो’ने काढा. डेटाबेस वाचनालयातल्याच संगणकावर असेल तर बॅकअपची वेळ गुरुवारी सकाळी ठेवू नका. पुण्यात गुरुवारी पाणी आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, पण राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आधी वाचा, काही ९ व्होल्टचे असतात.

शेवटी चाचणीचे शब्द. एका फाइलमध्ये हे टाकून ठेवा आणि कोडमध्ये हात घातला की शोध, क्रमवारी, पीडीएफ आणि सीएसव्ही चारही वाटांनी ते फिरवून बघा: दऱ्या, दर्या, ॲप (दोन्ही प्रकारे टाइप केलेलं), दुःख, वाङ्‌मय, स्थिती, मिसळ, मासळी, मळा, मसाला, पाऊस, पावसात, पैशात, अन्न, ज्ञानेश्वर, कर्तृत्व, हृदय, राष्ट्र, उज्ज्वल, ₹ १,२३,४५६. ‘उज्ज्वल’मधला दुसरा ‘ज’ पीडीएफमध्ये शाबूत दिसला तर बाकीची जोडाक्षरंही सहसा शाबूत असतात.